अर्धं लिंबू

६ मे

प्रिय वहिनी,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तूच म्हणाली होतीस ना, "तुमच्या घरातला आवाज कानावर पडला की माझा अख्खा दिवस नासतो, काही लागलं तर लिहून कळव." तर कळवते. लागलंय.

आधी तुझ्या लेकीची खुशाली. ठकी सुट्टीला दादाकडे आली त्याला आठवडा झाला. मजेत आहे. खातेय, पितेय, दोन घास जास्तच जातायत. खालच्या मांजरीशी गट्टी जमवलीय. दुकान बंद झालं की मी रोज संध्याकाळी तिकडे चक्कर टाकते, त्यामुळे तू निर्धास्त राहा. दादाची ती डॉक्टरीणही तिच्याशी नीट वागते. हे तुला वाचायला आवडणार नाही, पण खोटं कशाला लिहू?

आता माझं काम. माझ्या सासूबाई मुक्कामाला येतायत. त्यांच्या मते मला पाणीसुद्धा धड उकळता येत नाही, आणि तुला माहीतच आहे, त्यांचं काही चूक नाही. पण या खेपेला मी इरेला पेटलेय. मला तुझा लझानिया करायचाय. मी शाळेत असल्यापासून तुझ्या हातचा खात आले. आई गेल्यावर मला जेवायला उठवायचं म्हणजे तू रविवारी तोच करायचीस. पण तो होतो कसा हे विचारायची बुद्धी मला कधी झाली नाही. आयत्या ताटावर बसायची सवय.

बाजारात तयार पट्ट्या मिळतात, पण त्या नकोत. तू लाटायचीस तसाच हवा. ओव्हन शेजारीण देणार आहे. सगळं पायरीपायरीने लिही, समोरची मठ्ठ आहे असं धरून.

तुझी,
चष्मेवाली

०

१० मे

प्रिय चष्मेवाली,

तुझं पत्र वाचून बऱ्याच दिवसांनी हसले. तू आणि लझानिया! कवळ्यांच्या लॅबमधल्या मुलींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, नणंदेच्या सासूबाईंच्या कवळीचं माप आत्ताच घेऊन ठेवा. असो. तू लोकांना डोळे देतेस, मी दात देते, आता मधलं नाक तेवढं शाबूत ठेव आणि वास घेत घेत स्वयंपाक कर.

ठकी रविवारी फोनवर "हो", "नाही", "बरी आहे" इतकंच बोलते. तू लिहिलंस म्हणून जीव भांड्यात पडला. मुलं मजेत असली की त्यांना आई आठवत नाही, हे म्हणे चांगलं लक्षण असतं. लक्षण चांगलं असेल, मला चांगलं वाटत नाही एवढंच.

तर ऐक. तुमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ती इटालियन म्हातारी राहायची, तुला अंधुक आठवत असेल. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने मला हे शिकवलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. चुकलं की मनगटावर चमच्याचा फटका. त्या भाषेत मी पटकन शिकले.

पहिल्यांदा खिमा. एक कांदा, एक गाजर, सेलरीचा एक देठ, तिन्ही इतकं बारीक चिर की ओळखू येता कामा नये. लोण्यावर मंद आचेवर परत. लाल करायचं नाही, नुसतं मऊ. मग खिमा घाल, त्याचा कच्चा रंग गेला की वाटीभर दूध, ते पूर्ण आटू दे. मग टोमॅटो, पण थोडाच. म्हातारीला टोमॅटोचा पूर आलेला खपायचा नाही. मग झाकण अर्धवट ठेवून तीन तास विसरून जा. पातेल्याने घोरावं, खोकू नये. मधूनच एखादा बुडबुडा आला पाहिजे, बास.

तोवर पीठ. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, असं चार अंड्यांचं मळ. ओट्यावर मैद्याचा ढीग, मधे खड्डा, खड्ड्यात अंडी, काट्याने कडेचा मैदा आत ओढत जायचं. पाणी नाही. वाटेल घट्ट आहे, जमणार नाही. जमतं. तळहाताच्या टाचेने रेटत राहा, कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की फडक्याखाली अर्धा तास झोपव. मग लाट. खाली वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता यावा इतकं पातळ. चौकोन काप, खारट उकळत्या पाण्यात मिनिटभर, तिथून गार पाण्यात, तिथून फडक्यावर.

पांढरा सॉस. लोण्यात तेवढाच मैदा परतायचा, कोमट दूध हळूहळू, ढवळणं थांबवायचं नाही. मीठ, आणि किसलेलं जायफळ, चिमूटभर. मग ट्रेमध्ये थर: सॉस, पट्टी, खिमा, सॉस, किसलेलं चीज. असे पाच. चाळीस मिनिटं भाजायचं. आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड हेच आहे. तुझा दादा कधी थांबला नाही, दर वेळी जीभ पोळून घ्यायचा.

जमलं की कळव. नाही जमलं तरी कळव, मला तेवढीच करमणूक.

तुझी,
वहिनी

०

१६ मे

प्रिय वहिनी,

नाही जमलं.

पीठ मळताना माझ्या खांद्यातून कळ निघाली, पण पट्ट्या बऱ्या झाल्या. एक-दोन जाड होत्या, जोडे शिवता आले असते. खिमा छान झाला, पातेलं अगदी तुझ्या म्हणण्याप्रमाणे घोरत होतं. घोळ झाला तो पांढऱ्या सॉसचा. गुठळ्या. आणि ओव्हनने तर दावाच साधला. डाव्या हाताचा मागचा कोपरा जळून कोळसा, आणि पुढची बाजू पांढरीफटक. असं कसं होतं गं? आच तर सगळीकडे सारखीच असते ना?

ज्याच्यासाठी एवढं केलं, त्याने एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला. "हे तसं नाहीये," एवढंच. म्हणजे आमचे हे. करून बघायचं म्हणून त्यांनाच आधी वाढलं होतं.

वहिनी, मला हे जमवायचंच आहे. सॉसचं नीट सांग. गुठळ्या का होतात, दूध किती, कधी. आणि काही राहिलं असेल तर तेही. तुझ्या हातचं म्हणून जे असतं ते नेमकं कुठे असतं, तेवढं सांग.

येत्या आठवड्यात पुन्हा करणार आहे. ठकी छान आहे. काल तिचे केस धुऊन दिले. काळजी करू नकोस.

तुझी,
चष्मेवाली

०

१९ मे

प्रिय चष्मेवाली,

पहिल्या फटक्यात कुणालाच जमत नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

गुठळ्या होतात दूध एकदम ओतलं की. थोडं थोडं घाल. आणि हो, एक गोष्ट मी गेल्या पत्रात लिहायची विसरले. म्हातारीची खास खूण होती, मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दूध सगळं घालून झालं, सॉस गॅसवर रटरटायला लागला, की त्यात अर्धं लिंबू पिळायचं. चांगलं घसघशीत. त्याने सॉस हलका होतो आणि चकाकतो. आच कमी करू नकोस, ढवळत राहा.

तू विचारलंस ना, हातचं म्हणून असतं ते कुठे असतं. तिथे असतं.

कोपऱ्याचं काय, शेजारणीचा ओव्हन आहे, होईल त्याला तुझ्या हाताची सवय. किती माणसं आहेत जेवायला? सगळ्यांना पोटभर वाढ. त्यांना म्हणावं, वहिनीने मनापासून लिहून पाठवलंय.

वहिनी

०

२७ मे

वहिनी,

सासूबाई येणार नव्हत्या. कधीच नव्हत्या. हे मी आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मला तुझ्यापुढे चोरासारखं वाटणार नाही.

ठकी जेवत नव्हती. आली त्या दिवसापासून. सकाळी दूध-बिस्कीट, दुपारी ताटात चिवडाचिवड, रात्री "भूक नाही". डॉक्टरणीने तिला रागावून पाहिलं नाही, लाडावूनही पाहिलं नाही, नुसतं समोर ठेवत राहिली. दादा ओरडला, तेव्हा पोर खोलीतून बाहेर यायचीच बंद झाली. मी शेजारी बसून विचारलं, "काय करून देऊ?" तर एकदाच म्हणाली, "आईचा लझानिया."

मी तुला कळवणारच होते. दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीला कळलं तर ती उद्या येऊन घेऊन जाईल, आणि वकिलाला सांगेल की बापाने पोरीला उपाशी ठेवलं." माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. म्हणून सासूबाईंचं नाटक. मला वाटलं, एकदा पोर जेवायला लागली की सगळं आपोआप मिटेल.

शनिवारी डॉक्टरणीने हॉस्पिटलमधून सुट्टी घेतली. तिने पीठ मळलं, मी कांदा चिरला. आणि वहिनी, ठकी आपणहून स्वयंपाकघरात आली. "पट्ट्या मी लाटते," म्हणाली. वर्तमानपत्र आणून खाली धरून बघत होती, मथळा वाचत होती. नाकाला मैदा लागला होता. हसली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मग सॉस. तुझं पत्र ओट्यावर बरणीला टेकवून ठेवलं होतं. डॉक्टरणीने वाचलं, हातात घेतलेलं लिंबू परत टोपलीत ठेवलं आणि ती ढवळत राहिली. ठकीला तुझं अक्षर दिसलं. तिने पत्र उचललं.

"आई यात लिंबू नाही घालत," ती म्हणाली.

"लिहिताना चुकलं असेल," डॉक्टरीण म्हणाली.

"आई लिहिताना चुकत नाही." मग बराच वेळ तिने तीच ओळ वाचली. "दूध फाटलं असतं ना?"

डॉक्टरणीने गॅस बारीक केला.

"म्हणजे ते फाटावं असंच तिला वाटत होतं?"

लझानिया चांगला झाला. अगदी तुझ्यासारखा झाला. ठकी उठून खोलीत गेली आणि तिने दाराला कडी लावली. दादाने ते पत्र वाचून घडी करून खिशात घातलं. डॉक्टरीण गॅलरीत मला म्हणाली, "तुमच्या वहिनींच्या जागी मी असते तर मीही लिंबूच पिळलं असतं. पण आधी विचारलं असतं, जेवणार कोण आहे."

मी तुझ्याशी खोटं बोलले? हो, बोलले. पण मी कुणाच्या अन्नात काही कालवलं नाही. तू मला वाढवलंस वहिनी, तुझ्याकडून हे येईल असं माझ्या स्वप्नात नव्हतं.

चष्मेवाली

०

३० मे

चष्मेवाली,

डाव्या हाताचा मागचा कोपरा. एवढंच लिहिलंस आणि मला कळलं. त्या ओव्हनपुढे मी तेरा वर्षं उभी राहिले. अर्ध्या वेळाने ट्रे फिरवला नाही तर नेमका तोच कोपरा जळतो. तुझ्या शेजारणीकडेही तसाच ओव्हन असेल असं मानण्याइतकी मी भोळी नाही. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओट्यावर, माझ्याच पद्धतीने ती बाई रांधत होती आणि कृती मिळवायला तिने पाठवलं कुणाला, तर तुला.

मला काय वाटलं ते ऐक. चोवीस तारखेला तुझ्या दादाचा चाळिसावा वाढदिवस होता. मला वाटलं, पाहुणे बोलावले असतील. त्याच्या ऑफिसची सगळी मंडळी, ज्यांना मी वर्षानुवर्षं वाढलं, ती टेबलाभोवती बसणार आणि म्हणणार, "वा, वहिनी, सुगरण आहात." हॉस्पिटलात भूल द्यायचा तर तिचा धंदाच आहे. नवरा नेला, घर नेलं, म्हातारीने माझ्या हातात दिलं होतं तेवढं उरलं होतं, तेही निघाली न्यायला. हो, पिळलं मी लिंबू. टेबलावर फाटलेल्या दुधाचा ट्रे येईल, आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतील, एवढंच डोळ्यांपुढे होतं. लिहिताना मला गोड वाटलं. तेही लिहून टाकते.

पण ठकी? तू लिहिलंस दोन घास जास्त जातायत. तू लिहिलंस मजेत आहे. तुझं प्रत्येक अक्षर मी खरं मानलं, कारण त्या घरातलं एकच माणूस माझ्याशी खोटं बोलणार नाही असं मी धरून चालले होते. पोर उपाशी आहे एवढी एक ओळ लिहिली असतीस, तर मी मिळेल त्या गाडीने आले असते, दारातच पीठ मळायला बसले असते, त्या बाईच्या शेजारी उभी राहूनसुद्धा रांधलं असतं. वकिलाचं नाव तोंडातून काढलं नसतं.

मी काल ठकीला फोन केला. "नंतर बोलू, आई," म्हणाली आणि ठेवून दिला. आज केला तर उचललाच नाही.

तेव्हा तू सांग तिला. आजच. समोर बसून सांग की आईला माहीत नव्हतं, आत्या आईशी खोटं बोलली होती. तुला कमीपणा येईल, येऊ दे. सुट्टी संपायची वाट न बघता मी तिला न्यायला येते आहे, तेही सांग.

ठकीची आई

०

५ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. तुझा राग मला मान्य आहे.

ठकीशी बोलले. नीट समजावून सांगितलं. ती शहाणी आहे, मान डोलावली. आता तो विषय तिच्या मनात नाही. तू कृपा करून न्यायला येऊ नकोस. तुमच्या घटस्फोटाच्या करारात सुट्टी दादाची आहे, तू दारात उभी राहिलीस तर तो नको ते करून बसेल, आणि पुन्हा तिच्यापुढे तमाशा. आता ती जेवते. खरंच जेवते, या वेळी खोटं नाही. डॉक्टरीण तिला पोहायला नेते, त्यामुळे भूक लागते.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी. वीस तारखेला तिला बारा पूर्ण होतील. त्यानंतर कुठे राहायचं हे तिला विचारायचं, असं तुमच्यात ठरलंच आहे. दादाने इथल्या शाळेत चौकशी करून ठेवलीय. तुझं ते पत्र त्याने कपाटात ठेवलंय, गरज पडली तर दाखवायला. तो आपल्या पोळीवर तूप ओढतोय हे मला दिसतं. पण मी बोलले तर माझंही माहेर तुटेल. आईबाबा नाहीत, तो एकटाच आहे मला.

मधल्यामध्ये माझं सँडविच झालंय, वहिनी. माझ्यावर फार रागावू नकोस. एक ओळ तरी लिही.

तुझी,
चष्मेवाली

०

२९ जून

चष्मेवाली,

पाच तारखेच्या पत्रानंतर आणखी दोन पत्रं आली तुझी मागोमाग. फोडली नाहीत. हे लिहून झालं की तुझ्याशी माझं बोलणं संपलं, तेव्हा नीट वाच.

ठकी बुधवारी आली. उंच झालीय. गाडीतून उतरल्यावर बॅगेला हात लावला तर म्हणाली, "असू दे, जमतंय मला." घरात शिरल्यावर चपला भिंतीकडेला जोडीने ठेवल्या. आधी एक दारात असायची आणि एक पलंगाखाली. पाहुण्याला थोडंच म्हणता येतं, की अशा नीट ठेवू नकोस म्हणून.

चहा होईपर्यंतच तिने सांगून टाकलं. "मी एक वर्ष बाबाकडे राहून बघते. तिथे शाळा जवळ आहे. आणि मला खोली आहे."

मी म्हटलं, "त्या लिंबामुळे का?"

"नाही." मग कपाकडे बघत म्हणाली, "थोडंसं त्यामुळे."

"आत्याने समजावलं ना तुला?"

"कधी?"

मी म्हटलं, पाच तारखेच्या आधी, तुझ्याशी बोलली ना ती? मला तसं लिहिलंय तिने. तर पोर म्हणाली, "त्या लिंबाच्या दिवशीच मी दार उघडून आत्याला विचारलं होतं, आईला माहीत होतं का माझ्यासाठी आहे ते. आत्या चष्मा पुसत बसली. बाबा म्हणाला, माहीत असणारच. तरी आत्या पुसतच होती. त्यानंतर कुणी काही बोललं नाही."

तुझं माहेर टिकलं. शाबास.

तुझी आई गेली तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. चार महिने माझ्या पदराला धरून घरभर फिरायचीस. मी तेव्हा नवी होते, मलाच कुणीतरी धरावं असं वाटायचं. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आताही दाखवत नाहीये. एवढंच की तुला एक वाक्य बोलायचं होतं, आणि तुला ते बोलता आलं नाही.

ते मीच बोलले शेवटी. तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सासूबाईंचं नाटक, ओव्हनचा कोपरा, बाबाचा वाढदिवस. म्हटलं, "मला माहीत नव्हतं गं ते तुझ्यासाठी आहे. मला वाटलं, बाबाच्या पाहुण्यांसाठी आहे."

ती विचार करत बसली. मला वाटलं, आता हिचा चेहरा मोकळा होईल. तर म्हणाली, "पण पाहुणे जेवायला बसले असते, तर मी पण बसले असते ना, आई? मी तिथेच होते."

ती हे रागाने म्हणाली नाही. गणितात चूक सापडली की सांगतात तशी म्हणाली. सगळं घर माझ्या डोळ्यांपुढे होतं, टेबल होतं, पाहुणे होते, ती बाई होती, तुझा दादा होता. त्या टेबलाशी माझी पोर बसली असेल हे मला दिसलंच नाही. तू खोटं बोललीस हे खरं. पण हे न दिसणं तुझं नाही, माझं आहे. त्यासाठी तुला बोल लावायला मला आवडलं असतं.

शुक्रवारी लॅबमधून रजा घेतली आणि सकाळपासून लझानियाला लागले. या खोलीतल्या ओव्हनमध्ये फक्त लहान ट्रे मावतो, म्हणून दोनदा भाजला. तिला म्हटलं, "येतेस पट्ट्या लाटायला?" तर म्हणाली, "तूच कर, तुझ्या चांगल्या होतात." दुपारी तिला वाढलं. मी समोर बसले. तिने नॅपकिन मांडीवर पसरला. हे तिला तिकडे शिकवलंय, आमच्याकडे नव्हतं. काटा हातात घेतला, पण खाल्लं नाही.

"आई, यात काय काय घातलंयस?"

वेडंवाकडं काही नव्हतं तिच्या आवाजात. विचारायचं असतं म्हणून विचारलं.

मी सांगितलं. कांदा, गाजर, सेलरी. खिमा. दूध. टोमॅटो, थोडाच. मैदा, अंडी. लोणी. मीठ. जायफळ. चीज. एकेक सांगितलं आणि ती एकेक ऐकत होती. माझं संपल्यावर तिने थोडा वेळ थांबून बघितलं, आणखी काही आहे का. मग खाल्लं. दोन तुकडे खाल्ले. उठताना म्हणाली, "छान झालाय. थँक्यू."

बारा वर्षांत माझ्या पोरीने मला जेवणासाठी थँक्यू म्हटलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिला न्यायला तू ये, दादाला पाठवू नकोस. बॅगा मी जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवते. वर येऊ नकोस.

ठकीची आई